निरंक अहवाल

गाठ मानेच्या उजव्या बाजूला, हाडाच्या जरा वर होती. केस विंचरताना हाताला लागली. पंधरा दिवस मी ती कुणाला दाखवली नाही, कारण ऑफिसात वर्षअखेरीचं काम होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कुठे शहाणपणा शिकवलाच, तर तो किती मनावर घ्यायचा हे तुम्हाला ठरवता येईल.

मी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. राहायला नेरूळला. आता बरी आहे. हे लिहितेय ते ज्यांना अजून हॉस्पिटलातल्या त्या खुर्चीत बसायचंय त्यांच्यासाठी. औषधांची नावं, त्यांचे गुण वगैरे डॉक्टर सांगतील. मी केलेली एक चूक मला सांगायची आहे.

पेपरवेट

तपासणीचा निकाल ऐकायला आम्ही नवरा-बायको दोघं गेलो. डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या होत्या, केस आखूड, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, "लिम्फोमा आहे."

"म्हणजे टीबीच ना?" मिस्टरांनी विचारलं. त्यांना टीबी चालला असता. त्यांच्या चुलत्यांना झाला होता आणि ते बरे झाले होते.

"नाही. हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे. पण औषधाला चांगली दाद देतो."

शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही, ते मिस्टरांनी नंतर सांगितलं. मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट बघत होते. त्याच्या पोटात एक निळा बुडबुडा होता. आजही डोळे मिटून त्याचं चित्र काढून दाखवू शकेन.

बाहेर आल्यावर मिस्टर म्हणाले, "गावाकडं कुणाला कळवायचं नाही." आम्ही साताऱ्याकडचे. ते तुर्भ्याच्या मार्केटमध्ये कांद्याच्या गाळ्यावर कामाला आहेत आणि तिथे निम्मं मार्केट आमच्याच भागातलं. "आपल्या मनीषाचं लग्न व्हायचंय अजून."

"मग काय सांगायचं?"

"अशक्तपणा आहे, सलाइन लावतायत."

"सहा महिने सलाइन?"

"तू टेन्शन घेऊ नको. मी बोलतो काय ते."

मला रडू आलं नाही. भीती वाटली की माझे हात कामाला लागतात. घरी जाऊन मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायला घेतल्या. हळद, बेसन, शेंगदाण्याचं कूट. मनीषा तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. ती येऊन बघत उभी राहिली.

"आई, नावं कशाला लावतेयस? आपल्याला माहितीये की काय कुठे आहे."

"मला माहितीये. तुला सापडायला हवं."

तिने हळदीचा डबा हातात घेतला आणि तो तसाच धरून उभी राहिली. भीती दुसऱ्याला कशी लागते ते मी त्या दिवशी बघितलं.

कागद

दर तीन आठवड्यांनी जायचं. आधी वजन, मग रक्त, मग रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसणं. मग सहा खुर्च्यांच्या हॉलमध्ये हाताला सुई. लाल औषध बाटलीतून नळीत उतरताना दिसायचं. मी मान वळवून खिडकीबाहेर बघायचे. बाहेर अर्धवट बांधलेल्या इमारती आणि रिकामे प्लॉट. हॉस्पिटलच्या वळणावर रिक्षा आली की सुई लागायच्या आधीच मला उलटी व्हायची. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशव्या ठेवायला लागले. दोन ठेवा, एक पुरत नाही.

आणि सुईच्या आधी एक कागद. सायक्लोस्टाइल केलेला, फिकट अक्षरांचा. "गेल्या तीन आठवड्यांत" असं वर लिहिलेलं, खाली वीस प्रश्न. भूक लागते का, तोंड दुखतं का, झोप येते का, हातापायांना मुंग्या येतात का, कपडे स्वतः घालता येतात का. विसावा प्रश्न, भीती वाटते का. प्रत्येकापुढे चार घरं: मुळीच नाही, थोडं, बरंच, खूप. एका घरात फुली करायची.

ही पद्धत डॉक्टर मॅडमनी बाहेर कुठे तरी शिकून आणली होती. पहिल्या दिवशी त्यांनी समजावलं, "गाठ मला हाताला लागते, रक्त रिपोर्टात दिसतं. तुम्हाला काय होतंय ते मात्र तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तपासायच्या आधी मी हा कागद वाचते. तेव्हा खरं लिहा."

ऑफिसात मी वैद्यकीय रजेचे अर्ज बघते. अर्जात माणूस जे लिहितो ते त्याच्याच अंगावर येतं, हे मला पंधरा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. त्याने रजेच्या अर्जात सरळपणे लिहिलं की संध्याकाळी डोळ्यांना अंधुक दिसतं. त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि शेरा लिहून कागद वर पाठवला. त्याची गाडी गेली, त्याला जावक टेबलावर बसवलं. ते नियमाप्रमाणेच होतं. पण तेव्हापासून बाकीचे ड्रायव्हर अर्जात फक्त "ताप" लिहायला लागले.

आणि बाकावर मी एक गोष्ट ऐकली होती. आमच्या आधी एक बाई यायची. तिला औषध झेपत नाही म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. दोन्ही गोष्टी मी जोडून टाकल्या. औषध थांबलं म्हणजे संपलं.

म्हणून मी दर वेळी वीसच्या वीस फुल्या पहिल्या घरात केल्या. आमच्याकडे दर महिन्याला वर अहवाल जातो. कळवण्यासारखं काही नसेल तरी तो पाठवावाच लागतो, आणि तेव्हा त्यावर लिहितात: निरंक. म्हणजे शून्य, काही नाही. हाताच्या सवयीने मी कागदाच्या तळाशी तेच लिहिलं आणि खाली सही केली.

सिस्टर केरळच्या होत्या. दुसऱ्या वेळी त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ये क्या लिखा, मॅडम?"

"काही त्रास नाही, असं."

"उलटी पण नाही?"

"नाही."

पर्समधल्या पिशवीला गाठ मारलेली होती.

शेजारची खुर्ची

दुसऱ्या वेळी शेजारच्या खुर्चीत चांगुणाबाई आली. घणसोली गावातली, साठीची, नऊवारी घट्ट कासोट्याची. आयुष्य भातशेतीत आणि मिठागरात गेलेलं. आता तिच्या मुलांनी घरावर खोल्या चढवून भाडेकरू ठेवले होते आणि तिला ते पसंत नव्हतं. आजार तिचा वेगळा, एक सुई आधीच झालेली, वार मात्र तोच.

तिने माझ्या हातातलं पेन बघितलं. "ताय, तू शिकल्याली दिसतंस. माजा पन लिव गो. मना अक्षर येत नाय."

मी प्रश्न वाचायचे, ती उत्तर द्यायची.

"भूक लागते का?"

"भूक कंची? तोंडान फोर आलेत. पानी पन काट्यासारका लागतं."

"तोंड दुखतं का?"

"आगो तेच सांगतंय ना! खूप. लिव, खूप."

मी पेन चौथ्या घरावर नेलं. आणि दुसऱ्यात फुली केली. थोडं.

मी ते विचार करून केलं. तिला दोन सुना होत्या, नातवंडं होती, तिला जगायचं होतं. "खूप" लिहिलं तर डॉक्टर औषध थांबवतील, आणि मग ही पण त्या दुसऱ्या बाईसारखी दिसेनाशी होईल, असं मला वाटलं. तिला कागदाची रीत कळत नव्हती, मला कळत होती. खरं सांगायचं तर मनातून मला बरंसुद्धा वाटलं, आज एका माणसाचं काम केलं असं.

"लिवलंस ना, खूप?"

"लिहिलं."

शेवटच्या प्रश्नाला ती हसली. "भीती? कुनाची, डाक्टरनीची? मी गलाभर पान्यान उतरल्याली बाय. लिव, नाय."

तिथे मी तिने सांगितलं तेच लिहिलं.

तिसऱ्या वेळीही हेच झालं. तिचा आवाज बसला होता, बोलताना ती पदर ओठांवर धरायची. ती "खूप" म्हणत गेली आणि मी दुसऱ्या घरात फुल्या करत गेले.

बोटं

तिसऱ्या सुईनंतर माझ्या बोटांची टोकं बधिर झाली. आधी फाइलची पानं सुटी होईनात. मग ब्लाउजचे हुक लागेनात. दहा-दहा मिनिटं मी आरशासमोर उभी. एका सकाळी मनीषा आत आली, माझे हात बाजूला केले, खालून वर सगळे हुक लावले आणि कॉलेजला गेली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज त्याच वेळेला यायची. आम्ही त्यावर बोललो नाही. मदत अशीही असते. ती घ्या, आभार मानत बसू नका.

मिस्टर रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि माझ्या उत्तराच्या आधीच त्यांचा चेहरा "बरं" ऐकायला तयार असायचा. मी "बरं" म्हणायचे. घरातही निरंक.

एका रविवारी भाकरी टाकत होते. मनीषा अचानक ओरडली, "आई, बोट!"

मी बघितलं. बोट तव्याला टेकलेलं होतं आणि कातडी पांढरी झाली होती. मला काहीच कळलं नव्हतं.

"कधीपासून असं होतंय?"

"आत्ताच."

"खोटं बोलू नकोस. हुक मी लावते." तिने माझा हात नळाखाली धरला. "त्या फॉर्ममध्ये लिहिलंस?"

"त्यात असला प्रश्नच नाही."

होता. अकरावा.

मिस्टर दारात येऊन उभे राहिले होते. "अगं, डॉक्टरला सांगून बसाल आणि ते औषध बंद करतील. थोडी कळ काढ. अर्धं होत आलंय."

"बाबा, तिला चटका कळला नाही!"

"तू गप. तुला काय कळतंय?" असं म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मला त्यांचा राग आला नाही. मी मनात जे म्हणत होते तेच ते मोठ्याने म्हणाले होते.

रिकामी खुर्ची

चौथ्या वेळी शेजारची खुर्ची रिकामी होती. मी सिस्टरना विचारलं.

"चांगुणाबाई ऊपर वॉर्डमें है. बुखार आला, तोंड पूरा खराब. घरवाले लेट लेके आये."

जिन्याचा कठडा हाताला लागत होता की नाही ते समजत नव्हतं. बोटं तशीच होती ना. नजर कठड्यावर ठेवून मी वर गेले.

चांगुणाबाईचे डोळे मिटलेले होते. ओठांवर काळी खपली धरलेली. धाकटी सून ओल्या कापडाने ते टिपत होती. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमीच काय त्या लिवनाऱ्या ताई? आई सांगत व्हती घरान. म्हनली, मी सगला सांगितलंय, ताईनी लिवलंय बराबर, आता डाक्टर बघल. म्हनून आमी थांबलू."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. कॅन्सर कळला त्या दिवशीची भीती माझ्यापुरती होती. या भीतीला दुसऱ्याचं तोंड होतं. मी खाली आले ती सरळ डॉक्टर मॅडमच्या खोलीत. बाहेर नंबर लावून लोक बसले होते, त्यांच्याकडे मी बघितलं नाही.

"चांगुणाबाईंचे दोन्ही कागद मी भरले होते. त्या 'खूप' म्हणत होत्या. मी 'थोडं' लिहिलं."

त्या लिहायच्या थांबल्या. "का?"

"तुम्ही औषध थांबवाल म्हणून."

त्यांनी कपाटातून तिची फाइल काढली, कागद बघितले. मग म्हणाल्या, "थांबवलं नसतं. आठवडाभर पुढे ढकललं असतं, तोंड बरं होऊ दिलं असतं, मात्रा थोडी कमी केली असती. रक्त ठीक होतं, कागदावर 'थोडं' होतं. बाहेर चाळीस माणसं बसली होती. मी तोंड उघडायला सांगितलं नाही." फाइल मिटून म्हणाल्या, "ती माझी चूक. तुमची तुम्हाला कळलीच आहे."

"ती वाचेल ना?"

"आज मला सांगता येणार नाही."

त्यांनी खोटा धीर दिला नाही. मग माझ्याच फाइलमधून माझे तीन निरंक कागद काढून टेबलावर मांडले. "आता हे. हात पुढे करा."

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना काही तरी लावत राहिल्या. "कळतंय? आता? आता?" मी अजून त्या लावायची वाट बघत होते. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातात टाचणी होती.

त्या दिवशी त्यांनी बोटं मारणारं औषध माझ्या यादीतून काढलं. बाकीची चालू ठेवली.

"हेच मला नको होतं," मी म्हणाले.

"माहितीये. पण आणखी दिलं तर हात कायमचे जातील."

"आणि त्यामुळे गाठ परत आली तर?"

"येऊ शकते. सगळं औषध देऊनसुद्धा येऊ शकते."

म्हणजे ज्याची भीती होती तेच झालं, हेही प्रामाणिकपणे सांगते. खरं सांगितलं आणि एक औषध गेलं. त्यानंतर कितीतरी महिने मी दिवसातून दहा वेळा मान चाचपायचे. बधिर बोटांना कळायचं नाही, म्हणून मनगटाने.

पुढचे पाच दिवस मी रोज दुपारी कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून वॉर्डात फोन केला. "पेशंटच्या कोण?" असं विचारलं की "बहीण" म्हणायचे. चार दिवस एकच उत्तर, "आहे तसंच." चौथ्या दिवशी फोन ठेवल्यावर मला बूथचं दार उघडता येईना. बाहेरच्या माणसाने ढकलून उघडलं. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "सुबह पेज लिया. दो चमचा."

मी बूथवाल्याला धन्यवाद म्हणाले. तो बघतच राहिला.

संध्याकाळी मिस्टर चप्पल काढत म्हणाले, "कसं वाटतंय?"

"बोटं मेलीत. तोंडाला चव नाही. आणि एक औषध बंद झालंय. बसा, सांगते."

ते चप्पल हातात घेऊन तसेच बसले. सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मार्केटमधून येताना त्यांनी भाकरी उलटायला लांब दांड्याचा चिमटा आणला. त्या सहा महिन्यांत त्यांनी मला दिलेली ती सगळ्यांत चांगली वस्तू.

चौथं घर

माझी गाठ परत आलेली नाही. बोटं पाऊण परत आलीत, सुईत दोरा अजून मनीषाच ओवून देते. ऑफिसात रजेचे अर्ज अजून माझ्याकडेच आहेत. आता रेघ मारण्याआधी मी माणसाला बोलावून घेते आणि समोर बसवते. तुमच्या हातात तो कागद आला तर त्रास आहे तेवढा लिहा. कमी नको, जास्तही नको. स्वतःला लिहिता येत नसेल तर लिहिणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

हे मला चांगुणाबाईने शिकवलं. दोन वेळा चुकवून ती परत आली तेव्हा नऊवारीत बाई कमी आणि लुगडं जास्त होतं. मी तिच्यासमोर बसून सांगितलं, "तुम्ही खूप म्हणालात तेव्हा मी थोडं लिहिलं. दोन्ही वेळा."

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "माजा तोंड, माजी कल, आन् कमी करनारी तू कोन गो?"

"तुमचं औषध थांबेल म्हणून घाबरले होते."

"मना इचाराचा ना! तुजे हापिसान आसाच करतान काय?"

"हो," मी म्हणाले.

ती जोरात हसली. तोंड दुखलं म्हणून मध्येच थांबली. पण माफ बिफ काही केलं नाही. हात पुढे केला. "पेन दे. तू वाच. फुली मी मारतंय. कंचा घर काय, ते सांग."

तिने वीस फुल्या स्वतः मारल्या, प्रत्येक घर बोटाने मोजून. भीतीच्या प्रश्नाला तेच, "नाय, पयला घर." कागद सिस्टरकडे गेला.

मग माझा कागद. पेन बोटांतून दोनदा निसटून खाली पडलं. चांगुणाबाईने ते उचललं आणि परत दिलं नाही. "बोल. आता मी लिवतंय तुजा."

मी वाचत गेले, सांगत गेले. मुंग्या, खूप. कपडे, बरंच. ती दात-ओठ खाऊन फुल्या मारत होती. विसावा प्रश्न आला.

"भीती वाटते का?" मी वाचलं आणि म्हणाले, "थोडी. दुसरं घर."

तिने पेन हलवलं नाही. "मना वाचता येत नाय. पन तुजा तोंड दिसतं ना मना."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. समोरच्या खुर्चीत कुणी तरी खोकत होतं. कॅन्सर कळल्यापासून भीतीसाठी 'खूप' हा शब्द मी मिस्टरांना, मनीषाला, डॉक्टरांना, कुणालाच दिला नव्हता.

"चौथं," मी म्हणाले.

एक, दोन, तीन, असं मोजत ती चौथ्या घरावर आली आणि फुली मारली. एवढी मोठी की घराच्या बाहेर गेली. मग पेन हातात तसंच धरून थोडा वेळ त्या फुलीकडे बघत राहिली.

"सिस्टर," तिने हाक मारली, "माजा कागद दे गो परत. शेवटचा एक चुकलंय."